उन्हाळ्याची सहल आणि मायची तहान

आपल्या घरांमधला उन्हाळा थोडा वेगळा असतो. शाळांच्या परीक्षा संपतात न संपतात तोच १४ एप्रिल येतो. त्यामागून लग्नसराई येते आणि वैशाखात बुद्धपौर्णिमा. गाण्यांचे कार्यक्रम, मिरवणुका, लेण्यांच्या सहली हे सगळं नेमकं पारा ४०-४२ वर असताना. सरकारचा वेरूळ-अजिंठा महोत्सव गेल्या काही वर्षांत थंडी सरता सरता, सोनेरी महालाच्या अंगणात झाला. तिथं शाल पांघरून गाणं ऐकता येतं. आपलं गाणं उन्हातलं. त्याला इलाज नाही, आणि ते सोडावं असंही आम्हाला कधी वाटलेलं नाही. पण दोन वर्षांपूर्वी अशाच एका सहलीत आमच्या घरातलं माणूस हातचं जाता जाता राहिलं. ते का झालं, हे कळायला आम्हाला बराच वेळ लागला. म्हणून या पानावर ते सविस्तर लिहितो आहोत.

आम्ही जालन्याचे. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि माय. माय ६८ वर्षांची. रक्तदाबाची गोळी सुरू आहे, गुडघे दुखतात, बाकी ठणठणीत. आमच्यापैकी एक जण गेली कित्येक वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. उन्हाळा आला की गावोगाव फिरून 'भरपूर पाणी प्या, उन्हात जाऊ नका' हे सांगणं तिचं कामच आहे. तेव्हा आम्हाला माहिती नव्हती असं म्हणायला जागा नाही.

२०२४ साली बुद्धपौर्णिमा २३ मे रोजी आली. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या बुद्धलेण्यांच्या पायथ्याशी संध्याकाळी बुद्ध-भीमगीतांचा कार्यक्रम आहे असं कळलं. मायला गाण्याचं वेड. वामनदादांना तिनं तरुणपणी समोर बसून ऐकलेलं आहे, आणि अजून भाकरी थापताना तिचं गुणगुणणं चालूच असतं. एक क्रूझर ठरवली. आम्ही पाच जण, शेजारची मावशी, तिची सून, भाऊजी आणि त्यांचं कुटुंब, सगळे मिळून अकरा माणसं. संध्याकाळपर्यंत वेळ आहे तर मुलांना आधी दौलताबादचा किल्ला दाखवू, असं ठरलं. चूक इथूनच सुरू झाली. सकाळी सहाला निघायचं ते डबे भरता भरता दहा वाजले. जालन्याहून साठेक किलोमीटर औरंगाबाद, पुढं दौलताबाद. किल्ल्याच्या दारात पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते.

त्या दारात मुलांना एक गोष्ट सांगायची आमच्या घरची रीत आहे. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसोबत असेच सहलीला निघाले होते. वेरूळची बौद्ध लेणी पाहायची हे नक्की ठरलेलं. वाटेत दौलताबादला थांबले. प्रवासात सगळे धुळीनं माखलेले. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्यानं भरलेलं टाकं दिसलं, तेव्हा काहींनी त्यात हातपाय-तोंड धुतलं. एवढ्यावरून टाकं बाटवलं म्हणून ओरडा झाला, माणसं जमली, अंगावर आली. शेवटी किल्ल्यात सोडलं ते शिपाई सोबत देऊन. आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही, यावर नजर ठेवायला तो शिपाई. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हे स्वतः लिहून ठेवलं आहे.

धाकट्यानं विचारलं, "मग त्यांना तहान लागली नाही का?" आम्ही म्हटलं, लागली असेल. आणि त्याला बाटली दिली. तो प्यायला. मायपुढं बाटली धरली तर ती म्हणाली, "मला नको आत्ता." मावशीही म्हणाली, नंतर. आम्ही फार लक्ष दिलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. मुलं आणि पुरुष वर चढून आले, माय आणि मावशी खाली भिंतीच्या सावलीला बसून राहिल्या. धपाटे, दही, ठेचा असं जेवण झालं. चारला निघून पाचच्या सुमारास लेण्यांच्या डोंगराशी आलो. मायला वर जायचंच होतं. सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात भिंतीवर एक नाचणारी स्त्री कोरली आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाद्यं वाजवणाऱ्या सहा जणी. दीड हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचं काम. माय त्यांना 'आपलं बायांचं पथक' म्हणते. त्याच लेण्यात बाहेर अवलोकितेश्वराचं मोठं शिल्प आहे. आग, चोर, साप, सिंह, मत्त हत्ती, बुडती नाव अशा आठ भयांतून तो भक्तांना सोडवतो आहे. उन्हाचं भय त्या आठांत नाही. त्या कारागिरांना बहुधा उन्हाची सवयच असावी.

त्या दिवशी माय अर्ध्या पायऱ्यांवर बसली. "पाय गळाले, तुम्ही जाऊन या." उतरताना तिला हात धरून आणलं. डोकं दुखतंय म्हणाली. चहा घेतला. साडेसातला गाणी सुरू झाली, सूर्य केव्हाच मावळला होता, म्हणून आम्ही निर्धास्त. ऊन नाही तर ऊन लागेल कसं, हाच आमचा हिशेब. पण तो डोंगर काळ्या पाषाणाचा आहे. दिवसभर तापलेला दगड रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो. वर गर्दी, वारा बंद, हॅलोजनचे दिवे. नऊच्या सुमारास माय शेजारच्या बाईच्या अंगावर कलंडली. हाक मारली तर नीट उत्तर देईना. आपण जालन्यात घरी आहोत असं काहीतरी बोलायला लागली.

लोकांनी जागा करून दिली. कुणी कांदा आणला, कुणी तोंडात साखर घाला म्हणालं. आमच्यातली परिचारिका मात्र तेव्हा परिचारिका झाली. लुगड्याची गाठ सैल केली, पाण्याचा जार अंगावर ओतला, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवली आणि चार जणांना पुठ्ठ्यांनी वारा घालायला लावला. तोंडात काही घातलं नाही. १०८ला फोन केला. दवाखान्यात पोचेपर्यंत माय आम्हाला ओळखू लागली होती. ताप १०३ निघाला. सलाईन लागलं, रक्त तपासलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी एकच प्रश्न विचारला, जो आम्ही दिवसभरात विचारला नव्हता. "आजी, लघवीला शेवटचं कधी गेला होतात?"

माय म्हणाली, "काल रात्री."

चोवीस तास. आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सहलीला जायचं म्हणून मायनं आदल्या संध्याकाळपासूनच पाणी कमी केलं होतं. सकाळी निम्मा कप चहा आणि गोळी, तीही घोटभर पाण्यासोबत. "गाडी थांबवा म्हणायचं कसं बाप्या माणसांना? आणि थांबवून जायचं कुठं? रस्त्याला झाड तरी आहे का? त्यापेक्षा प्यायचंच कशाला." मावशी मान हलवत होती. तिचंही तेच. मावशीची सून म्हणाली की तिची पाळी सुरू होती, म्हणून तिनंही दिवसभरात दोन पेल्यांवर पाणी घेतलं नव्हतं. गाडीत पाच बाया होत्या. पाचही जणींनी, एकमेकींना न सांगता, तोच निर्णय घेतला होता. परिचारिकेनंसुद्धा. हे वाक्य लिहिताना तिलाच सगळ्यात जास्त लाज वाटते आहे.

आमच्या गाडीत वीस लिटरचा जार होता, तो संध्याकाळी निम्म्याहून जास्त भरलेला होता. पाण्याची कमतरता नव्हतीच.

आता शरीरात काय होतं ते पाहू. आपल्या शरीराचं तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असतं. बाहेरची हवा त्याहून तापली की शरीराला थंड व्हायला एकच मोठा मार्ग उरतो, घाम. घाम सुकताना उष्णता घेऊन जातो. जालन्याची हवा कोरडी, त्यामुळं घाम आल्या आल्या उडून जातो. अंग ओलं दिसत नाही, म्हणून 'मला घामच येत नाही' असं माणूस म्हणतो आणि पाणी मात्र शरीरातून जातच असतं. प्यायलेलं पाणी नसेल तर रक्ताचं प्रमाण घटतं, त्वचेकडं पुरेसं रक्त जात नाही, घाम कमी होतो आणि आतली उष्णता साचू लागते. वय वाढलं की तहानेची जाणीवही मंदावते. 'तहान लागली की पिऊ' हा नियम म्हाताऱ्या माणसांना लागू पडत नाही.

मायच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली. तिच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. या गोळ्या पुष्कळ जणांना असतात, फक्त आपल्या गोळीत ते आहे हे ठाऊक नसतं. गोळी पाणी बाहेर काढते आणि आपण आत घालत नाही. म्हणून काही बाया सहलीच्या दिवशी गोळीच बुडवतात. तेही करू नका. रक्तदाब, साखर, हृदय, किडनी यांची औषधं चालू असतील तर उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा सगळी पाकिटं घेऊन डॉक्टरांना दाखवा आणि प्रवासाच्या दिवशी कोणती गोळी केव्हा घ्यायची, पाणी किती प्यायचं, हे विचारून घ्या. हृदयाच्या किंवा किडनीच्या काही रुग्णांना पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असतं. त्यांनी आमचं ऐकून भरमसाट पाणी पिऊ नये.

उन्हानं थकणं आणि उष्माघात यात फरक आहे. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, पायात गोळे, गळून जाणं ही पहिली पायरी. इथं सावली, विश्रांती, मीठ-साखरेचं पाणी यानं माणूस सावरतो. बोलणं असंबद्ध झालं, ओळख पटेना, झटका आला, शुद्ध हरपली, की तो उष्माघात धरायचा. ताप ४० अंशांच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर गेलेला असू शकतो, पण थर्मामीटरची वाट पाहत बसायचं नाही. आधी थंड करायचं, मग न्यायचं, आणि नेताना थंड करत राहायचं. क्रोसिनसारखी तापाची गोळी इथं चालत नाही, कारण हा ताप जंतूंचा नाही. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुफ्फुसात जातं. कांदा खिशात ठेवल्यानं ऊन लागत नाही, ही समजूत आमच्या घरातही होती. कांदा भाकरीबरोबर खा, उत्तम.

आणि तापमानाचा आकडा पाहून धीर धरू नका. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानात भर दुपारी झालेल्या सोहळ्यात १४ माणसं उन्हानं दगावली. पारा तिथं ३८च्या आसपास होता. दमट हवा, गर्दी आणि तासन्‌तास एका जागी बसणं हेही आकड्याइतकंच मारक ठरतं.

माय घरी आली त्यानंतर आठवडाभर आमच्याकडं या एकाच विषयावर बोलणं चाललं होतं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये दौलताबादच्या आधी बाबासाहेबांच्या लहानपणीची एक हकिकत आहे. १९०१ सालची उन्हाळ्याची सुट्टी. साताऱ्याहून भावंडं-भाचे मिळून वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. नवे कपडे, नव्या टोप्या, आगगाडीचा प्रवास. मसूर स्टेशनवर जात कळली आणि बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडं देऊन, गाडी स्वतः हाकायच्या बोलीवर ती मिळाली. सोबत जेवणाचा भरपूर डबा होता, पण रात्रभर कुणी पाणी दिलं नाही, आणि पाण्याविना अन्न घशाखाली उतरलं नाही. मुलं उपाशीच झोपली. आमच्या थोरलीनं हे वाचून दाखवलं तेव्हा माय बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांना कुणी दिलं नाही. आणि मी हातात असून घेतलं नाही."

आम्ही त्यावर काही बोललो नाही. पण पुढच्या उन्हाळ्याची आखणी त्याच आठवड्यात सुरू झाली.

आता सहल ठरली की आम्ही आधी शौचालयं शोधतो, मग प्रेक्षणीय स्थळं. हसू येईल, पण तसंच आहे. रस्त्यातले पेट्रोल पंप, बसस्थानक, ओळखीच्यांची घरं, असं दर दीड तासाला एक ठिकाण कागदावर लिहून तो कागद ड्रायव्हरला देतो. गाडी तिथं थांबणारच, कुणी सांगो न सांगो. 'कुणाला जायचंय का?' असं विचारायचं नाही. विचारलं की सगळ्या जणी नाही म्हणतात. गाडीत एक जुनी चादर, दोरी आणि मोठी छत्री ठेवतो. माळरानावर वेळ आलीच तर आडोसा होतो. पाळीसाठी पॅड, कागदी पिशव्या आणि साबण एका डब्यात, तो डबा बायांच्या सीटजवळ. पुरुषांचं काम एवढंच की गाडी थांबली की दुसऱ्या बाजूला चालू लागायचं. भाऊजींना हे सांगावं लागलं, पण ते लगेच शिकले.

पाणी मोजून देतो. प्रत्येकाची आपापली बाटली, नाव लिहिलेली, आणि दुपारपर्यंत कुणाची किती रिकामी झाली ते मुलं बघतात. हे काम धाकट्याकडं आहे, तो फार कडक आहे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा लहान, चहाचा. हे घरचं जीवनजल. दुकानातली ओआरएसची पुडी मिळाली तर पाकिटावर लिहिलं आहे तेवढ्याच पाण्यात कालवा. त्याच नावाच्या गोड डबाबंद पेयांना भुलू नका. मधुमेह्यांनी मीठ घातलेलं पातळ ताक जास्त घ्यावं. जालन्याच्या माणसाला मोसंबीचं सांगायला नको. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरतंय, गडद झाला तर कमी पडतंय. मायला आम्ही हाच एक नियम पाठ करून दिला आहे.

२०२५च्या उन्हाळ्यात आम्ही तीन वेळा बाहेर पडलो. एप्रिलअखेर मुलांच्या आजोळी, भोकरदन तालुक्यात. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, तिथल्या दात्यांची नावं सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत, हे मुलांना सांगितलं की त्यांना आजोळाचा भाव एकदम वाढल्यासारखा वाटतो. गावात दुपारी बारा ते चार कुणी घराबाहेर पडायचं नाही, एवढाच नियम केला आणि तो आजीनं मोडू दिला नाही. तिथूनच सिल्लोडमार्गे अजिंठा केलं. पहाटे निघून तिकीट खिडकी उघडायच्या वेळेला हजर. अजिंठ्याचा डोंगर घोड्याच्या नालासारखा वळलेला आहे, दहानंतर त्या कड्यात भट्टीसारखी धग कोंडते. लेण्यात गार वाटतं, बाहेर पाऊल टाकलं की भाजतं. आणि चपला दाराशी काढाव्या लागतात, तेव्हा जाड पायमोजे न्या. आमच्या थोरलीच्या तळव्यांना आधीच्या खेपेला फोड आले होते. अकराला आम्ही बाहेर होतो. सोमवारी अजिंठा बंद असतं आणि मंगळवारी वेरूळ, तेवढं बघून निघा.

आणि मग १२ मे, बुद्धपौर्णिमा. त्याच डोंगराच्या पायथ्याशी. दौलताबाद रद्द. जालन्याहून पहाटे चारला निघालो, उजाडताना पायऱ्या चढलो. माय दर वीस पायऱ्यांना बसत, पण सातव्या लेण्यापर्यंत आली. गाभाऱ्यात त्या सहा वाजवणाऱ्यांसमोर बराच वेळ उभी राहिली. नऊला खाली, आणि दिवसभर शहरात नातलगांकडं, ओला पडदा लावलेल्या खोलीत झोप. संध्याकाळी सहा वाजता पुन्हा पायथ्याशी.

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी आम्ही संयोजकांना भेटलो होतो. मागच्या वर्षीची हकिकत सांगितली. बायांसाठी वेगळी, दिवा आणि पाणी असलेली शौचालयं मंडपाजवळ असावीत, आणि तिथला रस्ता अंधारा नसावा, एवढी मागणी. त्यांनी मनावर घेतलं, दोन फिरती शौचालयं आणली. आपल्या भागात जयंतीचा, पौर्णिमेचा कार्यक्रम असेल तर हे जाऊन सांगा. मंडपाची कमान, फुलं, डीजे यांचा खर्च आधी ठरतो, हा खर्च कुणाच्या यादीतच नसतो, कारण यादी करणारे बहुतेक पुरुष असतात.

डीजेवरून एक सांगायचं राहिलं. ८५ डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसतो. दर तीन डेसिबल वाढले की ती मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. भिंतीएवढ्या स्पीकरसमोर तो शंभरच्याही वर जातो. लहान मुलांना खांद्यावर घेऊन स्पीकरजवळ नाचवू नका. कानात शिट्टी वाजत राहिली तर समजा मार बसला आहे. आम्ही मागच्या बाजूला बसतो. तिथून शब्द उलट नीट ऐकू येतात, आणि आपल्या गाण्यांत शब्दच तर ऐकायचे असतात.

त्या रात्री चंद्र डोंगरावर आला तेव्हा गाणी रंगात आली होती. गायिकेनं मायचं आवडतं गाणं धरलं, ज्याची ती वर्षभर वाट पाहत होती. माय दोन ओळी सोबत गायली, आणि मग बाटलीतलं उरलेलं पाणी पिऊन उठली.

"कुठं निघालीस? गाणं चालू आहे ना," आम्ही म्हटलं.

"जाऊन येते," ती म्हणाली. "माझी जागा धरा."

मावशीही तिच्या मागोमाग उठली.